उत्तर न देणाऱ्या दिव्यांचे पत्ते

घरात नवी वायर न ओढता, आहे त्याच विजेच्या तारेतून दिव्याला निरोप पाठवायचा, ही एक्स-१० पद्धतीची मूळ कल्पना. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९७५ साली ती प्रत्यक्षात आणली. साध्या एक्स-१० मोड्यूलला, म्हणजे दिवा आणि सॉकेट यांच्या मध्ये लावायच्या डबीला, फक्त ऐकता येते. निरोप मिळाला की नाही, हे ते कळवत नाही. पत्ते लावताना आणि मॅक्रो (आपोआप चालणारी आज्ञांची यादी) लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

मोड्यूलवर दोन डायल असतात. एकावर ए ते पी अशी सोळा अक्षरे, म्हणजे घराचा कोड. दुसऱ्यावर १ ते १६ आकडे. एकूण पत्ते २५६. पत्ता डायलचा असतो, दिव्याचा नव्हे. दोन मोड्यूल एकाच पत्त्यावर ठेवली तर दोन्ही एकदम चालू-बंद होतात. खोलीतले दोन दिवे नेहमी जोडीने लागत असतील तर हे मुद्दाम करावे, एक पत्ता वाचतो.

कारखान्यातून मोड्यूल बहुधा ए१ वर येते, म्हणून ए हे अक्षर टाळलेले बरे. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजारच्या घरातही कोणी ए वरच राहिला असेल, तर त्याचा निरोप तुमच्या तारेत येऊ शकतो.

विजेचा दाब प्रत्येक चक्रात दोनदा शून्यातून जातो. त्या क्षणी पाठवणारे यंत्र १२० किलोहर्ट्झचा १ मिलिसेकंदाचा ठोका तारेत टाकते. ठोका म्हणजे १, शांतता म्हणजे ०, आणि खात्रीसाठी लगेच पुढच्या अर्धचक्रात त्याच्या उलट. थोडक्यात, एका बिटाला एक पूर्ण चक्र. सुरुवातीच्या खुणेला २ चक्रे, अक्षराला ४, आकड्याला किंवा आज्ञेला ५, अशी ११ चक्रे होतात. ती दोनदा पाठवतात, म्हणजे पत्त्याच्या निरोपाला २२. मग ३ चक्रांची उसंत आणि पुन्हा २२ चक्रांत ‘चालू’ ही आज्ञा. एकूण ४७ चक्रे. ५० हर्ट्झच्या विजेवर ०.९४ सेकंद.

मॅक्रोत हा वेग लगेच जाणवतो. चार दिवे एकेक करून लावायचे तर आठ निरोप, मधल्या उसंती धरून १९७ चक्रे, जवळपास ४ सेकंद. पण पत्ता ऐकलेले मोड्यूल ‘निवडलेले’ राहते, आणि आज्ञा येण्यापूर्वी त्याच अक्षराचे आणखी पत्ते आले तर तीही निवडीत जमा होतात. म्हणून बी१, बी२, बी३, बी४ आणि शेवटी एकच ‘चालू’ असे लिहावे. पाच निरोपांत, साधारण २.४ सेकंदांत काम होते आणि चारही दिवे एकदम लागतात.

याच निवडीचा एक तोटाही आहे. आज्ञा झाल्यानंतर त्या अक्षराचा नवा पत्ता येईपर्यंत जुनी निवड कायम असते. तुम्ही रिमोटने बी३ लावला, तेवढ्यात एखाद्या मॅक्रोने बी७ ला हाक मारली. आता तुम्ही ‘मंद’ दाबले की बी७ मंद होतो. निवड अक्षरागणिक वेगळी असते. त्यामुळे हाताने चालवायचे दिवे एका अक्षरावर आणि आपोआप चालणारे दुसऱ्यावर, अशी वाटणी केली की हा गोंधळ संपतो.

मॅक्रो साठवण्याचे काम सीएम११ए सारखे इंटरफेस, म्हणजे संगणक आणि विजेची तार जोडणारे यंत्र, करते. संगणकावर मॅक्रो लिहून त्यात उतरवले की संगणक बंद असतानाही ते चालतात. जागा मात्र १०२४ बाइट, तेव्हा काटकसर हवी. निरोपावर चालणाऱ्या मॅक्रोला एक चालकनिरोप, म्हणजे तो सुरू करणारा निरोप, द्यावा लागतो, समजा ‘बी१२ चालू’. बी१२ वर कोणतेही मोड्यूल नसावे. तिथे दिवा असेल तर प्रत्येक वेळी तोही लागेल, आणि बिघाड शोधताना नेमके काय कशामुळे झाले तेच कळणार नाही.

रेडिओवरचे रिमोट किंवा हालचाल टिपणारा सेन्सर वापरत असाल तर आणखी दोन पत्ते आधीच गेलेले असतात. प्लगमध्ये लावायच्या नेहमीच्या रेडिओ रिसीव्हरमध्ये स्वतःचे सॉकेट असते आणि ते आपल्या अक्षराच्या १ आकड्यावर चालते. सेन्सरचे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तो बी९ वर असेल तर अंधार पडल्याचा निरोप बी१० वर पाठवतो. बी१० वर पंखा ठेवला की तो रोज संध्याकाळी आपोआप सुरू होणार, आणि दोष मात्र मॅक्रोला मिळणार.

मंद करण्याची आज्ञा मॅक्रोत जपून घालावी. ती सापेक्ष असते. दिवा आत्ता किती प्रकाशावर आहे हे इंटरफेसला माहीत नसते. म्हणून आधी पूर्ण उजेड, मग मंद, असा क्रम लावला तरच दर वेळी सारखा प्रकाश मिळतो. रात्री डोळ्यांवर क्षणभर झगमगाट होतो, त्याला जुन्या दिवा-मोड्यूलमध्ये इलाज नाही. पंखा किंवा मोटर दिवा-मोड्यूलवर कधीच लावू नये. त्यासाठी रिले (विजेने चालणारा स्विच) असलेले उपकरण-मोड्यूल घ्यावे. ‘सर्व दिवे चालू’ ही आज्ञा ते मोड्यूल मानत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

सगळे बरोबर लिहूनही दिवा लागत नसेल तर मॅक्रो उघडू नका. ते मोड्यूल इंटरफेसच्या शेजारच्या सॉकेटमध्ये लावून पाहा. तिथे चालले तर पत्ता ठीक आहे, निरोपच वाटेत विरतो आहे. इंटरफेस थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवे. सर्ज प्रोटेक्टरमधला फिल्टर १२० किलोहर्ट्झचा निरोप गिळून टाकतो. संगणक, टीव्ही, चार्जर एकेक करून प्लगमधून काढा आणि प्रत्येक वेळी आज्ञा देऊन पाहा. दोषी सापडला की त्याच्या प्लगला एक्स-१० चा फिल्टर लावावा. घराच्या एका भागातलीच सगळी मोड्यूल गप्प असतील तर ती बहुधा दुसऱ्या फेजवर आहेत. तिथे फेज जोडणारा कपलर लागतो, आणि तो विजेच्या मुख्य पेटीत बसत असल्याने इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा.

एवढे करूनही अधूनमधून निरोप हुकतोच. ‘सर्व बंद’ करणारा रात्रीचा मॅक्रो काही मिनिटांच्या अंतराने दोनदा चालवावा: बंद दिव्याला पुन्हा ‘बंद’ सांगितल्याने काही बिघडत नाही. ‘मंद’ मात्र दोनदा पाठवू नये, दिवा दुप्पट मंद होईल.