बाळाची वार कुणाची?

पुण्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात बाळ जन्मलं की साधारण अर्ध्या तासाच्या आत वार, म्हणजे प्लासेंटा, पडते. डॉक्टर किंवा नर्स ती पसरून बघतात, एखादा तुकडा आत राहिला नाही ना याची खात्री करतात आणि ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. बाहेर पेढ्यांची गडबड सुरू असते, त्यामुळे वारेचं काय झालं हे बहुतेक घरांत कुणी विचारत नाही. अर्धा किलोच्या आसपास वजनाचा हा अवयव नऊ महिने बाळाची फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि पोट या सगळ्यांची कामं एकट्याने करतो. हल्ली काही जोडपी दिवस भरत आले की डॉक्टरांना विचारतात, ‘वार आम्हाला मिळेल का?’ त्यांच्या पणज्यांना हा प्रश्न पडला नसता, कारण तेव्हा वारेचं काय करायचं ते ठरलेलं होतं.

ती पुरायची. बाळंतीण घरीच असे. अंधारी खोली, शेगडी, वेखंडाचा वास, उशाशी विळा, आणि सुईण. वार पडली की ती मडक्यात किंवा फडक्यात घेऊन हळदकुंकू वाहायचं, कुठे सुपारी, कुठे तांदूळ, कुठे एखादा पैसा ठेवायचा आणि परसात किंवा न्हाणीजवळ खोल खड्डा करून वर दगड ठेवायचा. तपशील घरागणिक वेगळे होते. खड्डा खोल हवा आणि कुत्र्यामांजरांनी उकरता कामा नये, हे मात्र सगळीकडे सारखं. वार जनावराच्या किंवा वाईट माणसाच्या हाती लागली तर आईला आणि बाळाला बाधा होते, असं मानत. त्या धाकामुळे रक्तमांस उघड्यावर पडत नसे, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

हे सगळं गोड आठवणी म्हणून सांगितलं जातं तेव्हा खड्डा खणणारे हात कुणाचे होते ते गाळलं जातं. बाळंतपण म्हणजे विटाळ. त्यामुळे नाळ कापणं, वार उचलणं, पुरणं, माखलेली लुगडी धुणं ही कामं कित्येक गावांत महार-मांग समाजातल्या बायकांकडे असत. मोबदला म्हणजे थोडं धान्य, जुनं लुगडं, कधी खणचोळी. ज्या हातांत बाळ पहिल्यांदा यायचं, तेच हात बारा दिवसांनी ओटीवर चढू शकत नसत. वारेची परंपरा परत आणायची म्हणणाऱ्यांनी हेही सोबत घेऊन बोलावं.

सुईणींच्या काही रीती फार जुन्या आहेत. वार पडायला उशीर झाला की बाळंतिणीच्या तोंडात केसांची वेणी घालून उमासे आणायचे, म्हणजे पोटाला कळ बसून वार सुटते, असा समज होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, अपरा, म्हणजे वार, पडत नसेल तर वेणीने घसा-टाळू चोळावी असं सांगितलेलं आहेच. तिथेच नाळ बेंबीपासून आठ अंगुळांवर सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या धारदार पात्याने कापावी असंही आहे. प्रत्यक्षात सुईणीच्या हाती जे असेल ते चाले: विळा, बांबूची चीप, दगड. वर राख, हळद किंवा शेण लावलं जाई आणि धनुर्वाताने लहान लहान बाळं जात. पुढे दाई-प्रशिक्षणात स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ हा पाठ घोकून घेतला गेला तो यासाठीच. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांची त्याला जोड मिळाली. भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं 2015 साली मान्य झालं.

एक रीत मात्र आजच्या शास्त्रालाही जवळची आहे. अनेक भागांतल्या दाया वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. बाळ निपचित असेल तर काही ठिकाणी वारेलाच शेक देत. त्या शेकाला शास्त्राचा आधार नाही. पण नाळेतलं रक्त बाळाला मिळू द्यावं, निदान एक मिनिट तरी नाळ बांधू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही आता सांगते.

पुण्यात बाळंतपण घराबाहेर पडलं ते आधी नाइलाजाने. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी गंज पेठेतल्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतल्या, आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, वाटलं तर मूल ठेवून जावं. या बाळंतपणांकडे सावित्रीबाई स्वतः बघत. तिथेच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. वार घरच्या मातीत पुरण्याचा मान त्याच बाईला होता, जिला घरात जागा होती. या बायकांना ती नव्हती.

ससून रुग्णालय 1867 साली उभं राहिलं. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना प्रबंधाला विषय निवडला तोच मुळी आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. आपल्याकडच्या बायका बाळंत कशा होतात हे वैद्यकाच्या भाषेत मांडणारी ही बाई पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1887 मध्ये, पुण्यात गेली. 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था सुरू झाली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या, त्यातही विधवा झालेल्या मुली नर्सिंग शिकू लागल्या. विटाळाचं मानलेलं काम शिकलेल्या बायकांचा पेशा झालं, ही मला या सगळ्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. 1912 मध्ये पुण्यातलं केईएम रुग्णालय आलं. 1944 पासून स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. बानू कोयाजी तिथे होत्या आणि त्यांनी हे काम पुढे शहराबाहेर, वढूच्या परिसरातल्या गावांपर्यंत नेलं.

तरी घरचं बाळंतपण एकदम संपलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये महाराष्ट्रातली सुमारे 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 मध्ये हे प्रमाण जवळपास 95 टक्क्यांवर गेलं.

पण दवाखान्याच्या बरोबरीने, आणि कित्येक पेठांत त्याच्याही आधी, गेली ती जमीन. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. जे वाचले ते पुढच्या काही दशकांत बिल्डरांकडे गेले. परस, विहीर, न्हाणीमागचा मातीचा तुकडा यांच्या जागी पार्किंग आलं. दवाखान्याने वार हातात दिली असती तरी ती पुरायची कुठे? पुणेकरांनी ही रीत विचार करून सोडली, असं म्हणता येत नाही. तिच्यासाठी लागणारी मातीच उरली नाही.

कायदा त्यानंतर आला. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1998 साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम झाले आणि 28 मार्च 2016 पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. मानवी ऊती आणि अवयव पिवळ्या पिशवीत टाकायचे, प्रक्रिया न करता 48 तासांहून अधिक ठेवायचे नाहीत, आणि 75 किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्राची सोय असेल तर तिथेच पाठवायचे. तिथे ते जाळले जातात. खोल पुरण्याची मुभा आहे ती अशी सोय नसलेल्या दुर्गम भागांसाठी. हे नियम गरजेचे होते. दवाखान्यांचा कचरा उकिरड्यावर येत होता आणि कचरा वेचणाऱ्या बायका त्यात हात घालत होत्या. मात्र नियमांचा सगळा रोख दवाखान्याच्या जबाबदारीवर आहे. आईने वार मागितली तर काय, हा विचार त्यांच्या मांडणीत दिसत नाही. त्यामुळे एखादे डॉक्टर लेखी घेऊन वार देतात, दुसरे साफ नाही म्हणतात, आणि दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे.

दरम्यान वारेला बाजारही मिळाला. तिच्यावरचं पातळ आवरण भाजलेल्या कातडीवर आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत उपयोगी पडतं; मुंबईच्या टाटा रुग्णालयाची ऊती पेढी 1988 पासून असं आवरण निर्जंतुक करून पुरवत आली आहे. हा उपयोग खरा आहे. 1988 मध्येच पॅरिसला नाळेतल्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण झालं आणि त्यातून पुढे ते रक्त साठवणाऱ्या खासगी पेढ्या निघाल्या. सातव्या-आठव्या महिन्यात होणाऱ्या आईबापांना त्यांची माहितीपत्रकं हमखास मिळतात. हे रक्त उद्या आपल्याच बाळाला लागेल म्हणून पैसे भरून ठेवणं शास्त्राला धरून नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं स्पष्ट म्हणणं आहे. घरात आधीच कुणाला प्रत्यारोपणाची गरज असेल तर गोष्ट वेगळी. वार सुकवून कॅप्सूलमधून खाण्याचं खूळ परदेशातून आपल्याकडेही डोकावतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात अशा कॅप्सूल घेणाऱ्या आईच्या तान्ह्या बाळाला दोनदा जंतुसंसर्ग झाला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) या कॅप्सूल टाळाव्यात असं सांगितलं. आपल्याकडे वार खायची चाल नव्हती. ती पुरायची होती.

आज पुण्यात ज्यांना ती पुरायची आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे गावाकडची जमीन असते, मुळशीला, जुन्नरला, भोरला. अशांनी कळा सुरू झाल्यावर विचारून उपयोग नाही; आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलावं. बाळाची वाढ कमी असेल, दिवस भरण्याआधी प्रसूती झाली असेल किंवा बाळ दगावलं असेल तर वार तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाऊ शकते, आणि तिथे ती फॉर्मालिन या विषारी रसायनात ठेवतात. तशी वार घरी आणू नये, मातीतही घालू नये. आईला कावीळ-बी किंवा एचआयव्ही असेल तर दवाखाना नाही म्हणेल आणि ते बरोबरच आहे. बाकी वेळी ती लगेच बर्फात ठेवावी, त्याच दिवशी न्यावी, विहिरीपासून लांब आणि खोल पुरावी, आणि खड्डा घरच्याच कुणीतरी खणावा.

ज्यांना यातलं काहीच शक्य नाही, त्यांच्याकडे सुकलेल्या नाळेचा तुकडा उरतो. तो साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप गळतो, बहुतेकदा घरीच. काही आज्या तो ताइतात घालून ठेवत आल्या, काही कुंडीतल्या मातीत पुरतात. त्यासाठी दवाखान्याची परवानगी लागत नाही.