बॅकपॅकिंग आणि परदेशातील संवर्धनसेवा

पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन, मुक्काम आणि वाहतूक स्वतः ठरवत, कमी खर्चात केलेला परदेशप्रवास आणि त्याच प्रवासात काही दिवस किंवा आठवडे एखाद्या निसर्गसंवर्धन प्रकल्पावर केलेले विनावेतन काम, यांची सांगड घालण्याची पद्धत. काम बहुधा साधे व अंगमेहनतीचे असते : रोपे लावणे, परके तण उपटणे, पायवाटा दुरुस्त करणे, कासवांच्या घरट्यांची राखण, पक्षिगणना. बदल्यात राहण्याची सोय होते, कधी जेवणही मिळते. पुष्कळ प्रकल्प मात्र स्वयंसेवकाकडूनच आठवड्याला ठरावीक रक्कम घेतात. प्रवासी पुढच्या गावाला निघून जातो, प्रकल्प तिथेच राहतो. या पद्धतीतले बहुतेक गुणदोष याच एका वस्तुस्थितीतून येतात.

पूर्वपीठिका : परदेशी जाऊन श्रमदान करण्याची संघटित रीत पहिल्या महायुद्धानंतर रुजली. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी 1920 मध्ये फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. बिहारच्या 1934 च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः पुनर्वसनाच्या कामासाठी भारतात आले होते. निसर्गरक्षण हाच हेतू असलेली स्वयंसेवी पथके पुढे अमेरिकेत 1957 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1959 मध्ये सुरू झाली. 1971 मध्ये शास्त्रज्ञांच्या संशोधनकामाला स्वयंसेवक जोडून देणारी अर्थवॉच ही संस्था आणि सेंद्रिय शेतांवर राहून काम करण्याची वूफ ही चळवळ, अशा दोन वाटा खुल्या झाल्या. बॅकपॅकर मंडळींनाही या वाटांनी संवर्धनाकडे वळता आले.

मराठी वाचकाला हे सारे अनोळखी वाटू नये. बाबा आमटे यांनी 1967 मध्ये सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत याच जातीचा अनुभव तरुणांच्या पिढ्यांनी घेतला आहे. सोलापूरपुरते बोलायचे, तर परदेशी सेवेला जाण्याचा सर्वांत मोठा वारसा याच शहराचा आहे. इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच निवर्तले. त्यांचे काम वैद्यकाचे होते. पण ज्या लोकांत गेलो त्यांची गरज आधी, हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत पाळला, आणि संवर्धनाच्या कामालाही तोच लागू पडतो.

माळ आणि झाड : सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोकसाठी 1979 मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याचा हा गाभा. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा, आखूड गवताचा माळ लागतो. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक हे सगळे याच माळाचे रहिवासी. सरकारी कागदांत आणि लोकांच्या बोलण्यात मात्र माळ म्हणजे पडीक जमीन. त्यामुळे दुष्काळ हटवण्याच्या सद्‌हेतूने अशा जमिनींवर गिरिपुष्प, सुबाभूळ अशी बाहेरची झाडे लावली गेली. झाडांनी माळ बंदिस्त केला, आणि मोकळ्या जागेवर जगणारा पक्षी आणखी आकसला. जगात आज माळढोक दीडशेच्या आसपास उरले असून ते मुख्यतः राजस्थानात आहेत; नान्नजला त्यांचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. माळढोक घटण्याची कारणे इतरही आहेत, शेतीचा विस्तार आणि विजेच्या तारा ही त्यांतली ठळक. तरी चुकीच्या जागी लावलेले झाडही नासधूस करते, हे सोलापूरकराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आता न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळचे तिरितिरी मातांगी बेट पाहावे. शेती व चराईपायी त्यावरचे मूळचे जंगल जवळजवळ संपले होते. 1984 ते 1994 या काळात स्वयंसेवकांनी तिथे अडीच ते तीन लाख देशी झाडे लावली, उंदरांचा बंदोबस्त झाला, आणि ताकाहेसारखे दुर्मीळ पक्षी तिथे आणून सोडता आले. जंगल मुळात तिथलेच होते, म्हणून तिथे रोप लावणे हे संवर्धन ठरले. नान्नजच्या माळावर तेच रोप आक्रमण ठरते. परदेशातला प्रकल्प निवडताना म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : या जमिनीवर पूर्वी काय होते, आणि हे काम कोणी ठरवले? याचे सरळ उत्तर न देणाऱ्या आणि फक्त किती रोपे लावली ते सांगणाऱ्या प्रकल्पापासून दूर राहिलेले बरे.

बातुमीची गणना : थोड्या मुदतीच्या प्रवाशाला खरोखर उपयोगी पडता येईल अशा कामाचा चांगला नमुना जॉर्जियातील बातुमी शहराजवळ सापडतो. काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून दर शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात. बातुमी रॅप्टर काउंट या उपक्रमात 2008 पासून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत स्वयंसेवक डोंगरमाथ्यावरील दोन ठाण्यांवरून त्यांची मोजणी करतात. हातात क्लिकर म्हणजे बटण दाबून आकडा वाढवणारे छोटे यंत्र, गळ्यात दुर्बीण. एकजण मोहोळ घारींचा थवा मोजतो, शेजारचा फक्त भोवत्या या शिकारी पक्ष्यांवर नजर ठेवतो आणि नर, मादी, पिल्लू असे मोठ्याने सांगतो, तिसरा नोंदवत जातो. मान अवघडते, डोळे दुखतात. पाऊस लागला की तासन्‌तास हाती काहीच लागत नाही. मुक्काम गावातल्या घरांत असतो. पाहुण्यांचा पैसा थेट त्या कुटुंबांकडे जातो, आणि जिथे या पक्ष्यांची शिकार चालत आली आहे तिथे त्यांना जिवंत ठेवण्यात गावाचा फायदा तयार होतो. या कामाचा कणा हाच आहे.

तिथे मोजले जाणारे माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या सोलापूरच्या पक्षिनिरीक्षकाला घरचेच. बातुमीवरून जाणारे बहुतेक आफ्रिकेत उतरतात, तर कझाकस्तानच्या बाजूचे त्यांचे भाईबंद हिवाळ्यात आपल्या माळांवर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतात जमिनीवरच बसतात. दूरवरून उडती मादी ओळखण्याचा सराव नान्नजला केलेला तरुण तिथे पहिल्या दिवसापासून कामाचा ठरतो. सराव नसलेल्याला शिकवण्यातच इतरांचा आठवडा जातो.

प्राण्यांशी लगट : सर्वाधिक फसवणूक इथे होते. दक्षिण आफ्रिकेत सिंहाच्या ‘अनाथ’ छाव्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी परदेशी तरुणांनी पैसे मोजले. अशा पिंजऱ्यांतले कित्येक सिंह मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी वापरले गेले. तेथील सरकारने नेमलेल्या समितीने 2021 मध्ये पिंजऱ्यातील सिंहपैदास बंद करण्याची शिफारस केली. हत्तीला आंघोळ घालणे, माकडाच्या पिलाला कडेवर घेणे हेही त्याच माळेतले. माणसाला सरावलेला प्राणी पुन्हा रानात सोडणे फार कठीण होते. ज्या प्रकल्पाच्या जाहिरातीत प्राण्याला कवटाळलेला पाहुणा दिसतो, तो टाळावा. कोस्टा रिकातील तोर्तुगेरो किनाऱ्यावर हिरव्या समुद्री कासवांचे काम 1950 च्या दशकापासून चालते. तिथे प्रशिक्षित माणसांच्या हाताखाली, रात्री, पांढरा उजेड न वापरता अंडी आणि कवचाची मापे घेतली जातात, छायाचित्रांसाठी थांबायला कुणालाही मुभा नसते. त्या शिस्तीची तोंडओळख करून घ्यायची असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत जाऊन यावे.

तयारी : विनावेतन काम म्हणजे काम नव्हे, ही समजूत महागात पडते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर स्वयंसेवी कामही चालत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटकाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण 30 दिवसांपर्यंत सेवा करता येते. त्याहून अधिक काळासाठी वेगळा व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी वर्षाला 1,000 वर्क अँड हॉलिडे व्हिसा सोडतीने खुले केले आहेत. त्यावर मजुरीही करता येत असल्याने लांब प्रवासाचा खर्च निघू शकतो.

सामानात सोलापूरकर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेणारच, आणि ते शहाणपणाचे आहे : कोरडी ठेवली तर भाकरी कित्येक दिवस टिकते. न्यूझीलंडला उतरताना मात्र प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. लपवल्यास जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट बुटांची. माळावर फिरलेल्या बुटांच्या नाडीत, मोज्यांत आणि बॅगेच्या चिकटपट्टीत कुसळी गवताची टोकदार बीजे रुतून बसतात. एखाद्या बेटावर तीच परक्या तणाची सुरुवात होऊ शकते. निघण्यापूर्वी तळव्यांतली माती ब्रशने घासून काढावी, मोजे नवे घ्यावेत, आणि बॅग उलटी करून प्रत्येक शिवण तपासावी. केनियासारख्या पीतज्वराच्या देशात जायचे असल्यास प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रावर लस घेऊन पिवळे पुस्तक, म्हणजे लसीकरणाचे प्रमाणपत्र, जवळ ठेवावे. ते नसल्यास भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.