पुण्याची स्मार्ट सिटी : शहराचे निर्णय कोण घेते, या प्रश्नाची पार्श्वभूमी

२५ जून २०१६ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पुण्यातील स्मार्ट सिटीच्या १४ प्रकल्पांचा आरंभ झाला. केंद्र सरकारने हे अभियान त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, २५ जून २०१५ रोजी जाहीर केले होते आणि २८ जानेवारी २०१६ रोजी घोषित झालेल्या पहिल्या २० शहरांच्या यादीत पुणे भुवनेश्वरपाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर होते. या योजनेची चर्चा बहुधा सिग्नल, सायकली आणि वायफाय यांच्याभोवती फिरत राहिली. पुण्यात मात्र सर्वांत तीव्र वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर : शहराच्या पैशांचे आणि जमिनीचे निर्णय निवडून आलेल्या सभागृहाने घ्यायचे की त्यासाठी स्थापन केलेल्या कंपनीने? हा वाद समजून घ्यायचा तर बराच मागे जावे लागते.

पेशवाईत शहराच्या सोयी राज्यकर्त्याच्या इच्छेने होत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून पेठांतले हौद भरले गेले, ते याच रीतीने. एकोणिसाव्या शतकात नगरपालिका आली आणि सार्वजनिक पैशांवर सभेत चर्चा होऊ लागली. त्या सभेत मतदानाचा हक्क फार थोड्यांना होता, अनेक सभासद सरकारनियुक्त होते; तरीही सदस्याला उभे राहून विरोध नोंदवता येत असे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त पालिकेने स्वागतावर खर्च करू नये, तोच पैसा शिक्षणासाठी वापरावा, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. पुण्याच्या नागरी कारभाराची ही परंपरा २०१५ सालच्या वादात फारशी कोणी आठवली नाही, पण तिचा संबंध थेट होता.

नियोजनाला कायद्याचे रूप मिळाले ते मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्याने. आजच्या शिवाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या भांबुर्ड्याचा मोठा भाग या कायद्याखालील नगररचना योजनेतून आखला गेला. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर जुन्या पेठांच्या बाहेर झपाट्याने सरकले. एवढ्या तातडीत निर्णय राज्य पातळीवरून होणे स्वाभाविक होते.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्याची, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या दस्तऐवजाची, आजची पद्धत घालून दिली. महापालिकेने आराखडा तयार करायचा, तो प्रसिद्ध करायचा, नागरिकांच्या हरकती ऐकायच्या आणि मग शासनाने त्याला मंजुरी द्यायची, असा हा क्रम आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनेत स्थान दिले आणि प्रभाग समित्यांची तरतूद केली. कागदावर तरी शहर स्वतःचा कारभार स्वतः करण्याच्या जवळ आले होते.

प्रत्यक्षात शहर कायद्याच्या पुढे धावत होते. १९९७ मध्ये भोवतालची गावे महापालिकेत आली, त्यांत बाणेर आणि बालेवाडी होती. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्योग वाढू लागला तशी या गावांतील शेते काही वर्षांत इमारतींखाली गेली, आणि रस्ते व जलवाहिन्या त्यांच्यामागून येत राहिल्या. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले आणि पुण्याला निधीचा मोठा स्रोत मिळाला. कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर २००६ च्या अखेरीस बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, सुरू झाली, ती देशातील या प्रकारच्या पहिल्या प्रयोगांपैकी होती. तिच्या फसलेल्या आखणीवर पुणेकरांनी पुष्कळ टीका केली. माझ्या मते त्या अभियानातून उरलेली अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : केंद्राचा निधी हवा असेल तर शहराने केंद्राच्या साच्यातला आराखडा आणि सुधारणांची यादी स्वीकारायची, हा पायंडा तिथे पडला. पुढच्या अभियानाने तो कारभाराच्या रचनेपर्यंत नेला.

याच सुमारास शहराचा मुख्य दस्तऐवज अडकलेला होता. २००७ ते २०२७ या काळासाठीचा जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर हरकतींचा अक्षरशः पाऊस पडला. सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जमिनींवरील आरक्षणे उठवण्यावरून, टेकड्यांवरून आणि वाढीव चटईक्षेत्रावरून, म्हणजे भूखंडावर जास्त बांधकामाला दिलेल्या परवानगीवरून, सभागृहात आणि बाहेर संघर्ष झाला. मुदतीत काम पूर्ण न झाल्याने मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखालील समितीकडे सोपवला. त्याच महिन्याच्या अखेरीस पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणही स्थापन झाले. स्मार्ट सिटीचा प्रस्ताव तयार होण्यापूर्वीच, शहराच्या भूभागाविषयीचे महत्त्वाचे निर्णय महापालिका भवनाबाहेर जाऊ लागले होते.

स्मार्ट सिटी अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत विशेष उद्देश कंपनीची अट होती. कंपनी कायद्याखाली नोंदवलेल्या या कंपनीत राज्य शासन आणि महापालिका यांचे भागभांडवल समसमान असायचे. केंद्राने पाच वर्षांत ५०० कोटी रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम राज्य व महापालिकेने मिळून घालायची. अभियानाच्या प्रकल्पांबाबत महापालिकेचे अधिकार आणि जबाबदाऱ्या कंपनीकडे सोपवण्यास राज्यांना प्रोत्साहन होते. या रचनेच्या समर्थकांचे म्हणणे असे की महापालिकेत निविदा, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा यांच्या फेऱ्यांत कामे वर्षानुवर्षे रखडतात. कंपनीला वेळेत निर्णय घेता येतील. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्याने एखाद्या उड्डाणपुलाचे काम पाहिले आहे तो ते नाकारणार नाही. परंतु ज्या फेऱ्यांना विलंब म्हटले जाते त्यांतच नगरसेवक प्रश्न विचारतो, हिशोब मागतो आणि वृत्तपत्राचा बातमीदार प्रेक्षागृहात बसलेला असतो. कंपनीच्या संचालक मंडळात महापौर आणि पक्षनेते असले तरी त्याची बैठक सर्वांसमोर होत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या सर्वसाधारण सभेसमोर प्रस्ताव आला तेव्हा सदस्यांनी तो तत्काळ मान्य न करता पुढे ढकलला. केंद्राकडे प्रस्ताव पाठवण्याची मुदत जवळ होती. राज्य शासनाने विशेष सभा घेण्याचे निर्देश दिले आणि दीर्घ चर्चेनंतर सभेने काही अटी घालून संमती दिली. मार्च २०१६ मध्ये पुणे स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेडची नोंदणी झाली. पिंपरी-चिंचवड तेव्हा यादीबाहेर राहिले आणि नंतरच्या टप्प्यात अभियानात आले.

क्षेत्राधारित विकासासाठी, म्हणजे शहराच्या एकाच भागात एकवटून करायच्या कामांसाठी, औंध, बाणेर, बालेवाडी हा परिसर निवडला गेला. नागरिकांकडून मोठ्या प्रमाणावर मते मागवून ही निवड झाली, हे त्या प्रक्रियेचे खरे बलस्थान होते. मात्र शहरातला तुलनेने सुस्थितीतला भाग निवडला आणि जुन्या पेठा व वस्त्या मागे राहिल्या, हा आक्षेपही शेवटपर्यंत कायम राहिला. रुंद पदपथांचे रस्ते आणि युवकांसाठी कौशल्य प्रशिक्षणाचे लाइटहाऊस केंद्र ही ठळक कामे झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि औंधमध्ये सुरू झालेली सार्वजनिक सायकल योजना, खासगी पुरवठादारांनी माघार घेतल्यावर, थोड्याच काळात संपली.

कंपनीचे काम पाहताना पाण्याचे उदाहरण समोर ठेवावे लागते. समान पाणीपुरवठ्याची योजना शहराच्या दृष्टीने कितीतरी मोठी होती आणि ती महापालिकेने स्वतःकडेच ठेवली. जून २०१७ मध्ये महापालिकेने त्यासाठी रोखे काढून ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये उभे केले. कर्ज कशाला, मीटर का, निविदेची किंमत एवढी का, यांवर सभागृहात कडाक्याचे वाद झाले आणि वाढीव दरांमुळे निविदा रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या. योजनेला उशीर झाला, हे खरेच. पण त्या वादांमुळे पुणेकरांना त्या खर्चाचा तपशील कळला. कंपनीच्या पदपथांच्या कामांविषयी तेवढा तपशील सामान्य नागरिकाला क्वचितच मिळाला.

करोना काळात स्मार्ट सिटीची यंत्रणा वॉर रूम म्हणून वापरली गेली आणि रुग्णसंख्या व खाटांची माहिती एकत्र ठेवण्यात तिचा उपयोग झाला. त्यानंतरचा बदल मात्र अभियानाच्या आखणीत कोणी धरलेला नव्हता. २०१७ मधील ११ आणि २०२१ मधील २३ गावांच्या समावेशाने महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणूक न होता कारभार प्रशासकांकडे गेला. महापालिका आयुक्तच प्रशासक झाल्याने सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती यांचे अधिकारही एकाच अधिकाऱ्याकडे आले. अनेकदा मुदतवाढ मिळालेले अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले, तेव्हाही सभागृह रिकामेच होते. औंध-बाणेरमधील रस्ते, उद्याने आणि नियंत्रण यंत्रणा यांच्या देखभालीचा खर्च पुढे कोणी उचलायचा, हा प्रश्न त्यामुळे नगरसेवकांच्या चर्चेशिवायच प्रशासनासमोर आला.