रिट्रीट आणि कॅम्प: एका वेळापत्रकातली दोन घराणी

कॅथलिक माध्यमिक शाळेच्या वार्षिक नियोजनात 'रिट्रीट' (रोजच्या व्यापातून बाजूला होऊन प्रार्थना-चिंतनात घालवलेले दिवस) आणि 'कॅम्प' हे शब्द बहुतेक वेळा शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींसाठी संमतिपत्र सारखेच असते आणि मुले बॅगही तीच भरतात, त्यामुळे दोन्ही एकाच कुळातले वाटतात. तसे नाही. रिट्रीट आले सोळाव्या शतकातल्या एका जखमी सैनिकाच्या एकांतातून. कॅम्प आला त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, कोंदट शहरांतल्या मुलांना मोकळी हवा मिळावी या काळजीतून. दोघांची गाठ पडायला बराच काळ गेला आणि ती पडल्यावर रिट्रीटचा स्वभावच पालटला.

मे 1521 मध्ये स्पेनमधील पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळा लागून इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचली. हिंडता येऊ लागल्यावर, 1522 मध्ये, ते मानरेसा या गावी जाऊन राहिले. तिथल्या दहा-अकरा महिन्यांत प्रार्थना, उपवास आणि टोकाची घालमेल यांतून जे उमगले ते त्यांनी टिपून ठेवले. त्या टिपणांतून पुढे 'आध्यात्मिक साधना' ही पुस्तिका आकाराला आली. पोप तिसरे पॉल यांनी 31 जुलै 1548 रोजी तिला मान्यता दिली. सिसिलीतील मेसिना येथे बाहेरच्या मुलांसाठी येशूसंघाची, म्हणजे इग्नेशियस यांनी स्थापलेल्या जेझुइट संघाची, पहिली शाळा उघडली, तीही 1548 मध्येच.

हे पुस्तक वाचून संपवण्याचे नाही, त्यातले करायचे असते. साधना देणारा एक, करणारा एक. मुदत साधारण तीस दिवसांची, चार 'आठवड्यां'त वाटलेली. सुरुवातीला वीस सूचना आहेत आणि माझ्या मते शाळेच्या रिट्रीटबद्दलचे सगळे वाद त्यांतल्या तिघींत आधीच आलेले आहेत. विसावी सांगते की मित्रमंडळी आणि कामधंदा बाजूला ठेवून, जमल्यास राहते घर सोडून दुसरीकडे जावे. अठरावी म्हणते, वय, शिक्षण आणि कुवत पाहून साधना बेतावी, न पेलणारे ओझे देऊ नये. पंधरावी सर्वांत अवघड. साधना देणाऱ्याने समोरच्याला इकडे किंवा तिकडे ओढू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे. शाळांनी विसावी आनंदाने उचलली आणि अठरावी सोयीने. पंधरावीचा मात्र पुन्हा पुन्हा विसर पडला.

येशूसंघाच्या जुन्या शाळांत मुलांच्या धार्मिक जीवनाची घडी नेमाची होती: रोजची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना), महिन्याचे धर्मगुरूपुढचे पापनिवेदन, आणि 1563 मध्ये रोमन कॉलेजात सुरू झालेल्या मरियाभक्त विद्यार्थी-संघासारख्या मंडळ्या. 1773 मध्ये येशूसंघ बरखास्त झाला, 1814 मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याचे प्रमुख यान रोथान यांनी 1835 मध्ये मूळ स्पॅनिशवरून 'साधने'चे नवे लॅटिन भाषांतर टिपांसह काढले आणि तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. पण शाळेत वर्गच्या वर्ग समोर असताना एकेकाशी बोलत बसणार कोण? तिथे रुजले ते प्रवचनांचे रिट्रीट. तीन दिवस मौन, धर्मगुरू व्यासपीठावर, मुले बाकांवर. विषय मरण, न्याय, नरक आणि स्वर्ग, आणि शेवटी पापनिवेदन.

नरकाला या यादीत नको इतका मान मिळाला. इटालियन येशूसंघीय पिनामोंती यांची नरकवर्णनाची पुस्तिका 1688 ची. तिच्या छापाची प्रवचने दोनशे वर्षांनंतरही मुलांपुढे होत होती. आयरिश लेखक जेम्स जॉइस यांच्या 1916 च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत डब्लिनच्या शाळेतले असे एक रिट्रीट आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाआधीचे ते दिवस, आणि प्रवचन ऐकून भीतीने आजारी पडण्याच्या बेताला आलेला एक पोरगा. त्यातल्या प्रवचनाचा धागा अभ्यासकांनी थेट पिनामोंतींपर्यंत नेऊन भिडवला आहे. तराजूचा काटा इथे एका बाजूला पार टेकला होता.

एकोणिसाव्या शतकातच इटलीतल्या तुरीन शहरात धर्मगुरू डॉन बॉस्को (1815–1888) कारखान्यांतली आणि रस्त्यावरची पोरे जमवत होते. त्यांच्याकडे नुसते खेळ आणि गाणी होती असे समजले जाते, ते अर्धेच खरे. दर महिन्याला एक दिवस मुलांकडून 'सुमरणाची', म्हणजे चांगल्या मरणाची, तयारी करून घेतली जाई, आणि 'आपल्यातला जो पहिला मरेल त्याच्यासाठी' प्रार्थना होई. आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण शरद ऋतूत हेच डॉन बॉस्को मुलांची फौज घेऊन मोनफेरातोच्या टेकड्यांत पायी हिंडत. बरोबर बँडपथक असे, गावोगावी नाटक होई, मुक्काम पडे आणि सकाळी त्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा. या शरदयात्रा 1864 पर्यंत चालल्या. चालणे, हसणे आणि प्रार्थना एकाच दिवसात बसू शकतात हे तिथे दिसले. दोन्ही घराण्यांची पहिली ओळख मी तिथे मानतो.

कॅम्पची मुळे मात्र कॅथलिक नाहीत. 1876 मध्ये झुरिकचे प्रॉटेस्टंट पाळक हेरमान वाल्टर बिऑन यांनी शहरातल्या 68 गरीब मुलांना सुट्टीत आपेन्झेलच्या डोंगरात नेले. 'सुट्टीची वसाहत' ही कल्पना तिथून युरोपभर पसरली आणि फ्रान्समध्ये पॅरिशांनीही (स्थानिक चर्चच्या मंडळांनीही) ती घेतली. ऑगस्ट 1907 मध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. स्काउटिंगकडे कॅथलिक वर्तुळात आधी संशयाने पाहिले गेले: निसर्गाची भक्ती, आणि तीही प्रॉटेस्टंट इंग्लंडमधून आलेली. फ्रेंच येशूसंघीय जाक सेव्हाँ यांनी 1913 मध्ये बेडन-पॉवेल यांची भेट घेतली आणि 1920 मध्ये फ्रान्सच्या कॅथलिक स्काउट संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तंबूशेजारी वेदी आली आणि शेकोटीनंतर रात्रीची प्रार्थना.

जर्मनीतली वाट वेगळी, आणि माझ्या मते अधिक लक्षवेधी. 'क्विकबोर्न' ही चळवळ 1909 च्या सुमारास सायलेशियात माध्यमिक शाळेतल्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या दारूबंदी मंडळांतून उगवली. पायी भटकणे, लोकगीते, साधे जेवण. 1919 मध्ये या तरुणांनी माइन नदीकाठचा रोथेनफेल्स किल्ला विकत घेतला. धर्मगुरू आणि विचारवंत रोमानो ग्वार्दिनी तिथे मार्गदर्शक म्हणून आले आणि वास्तुविशारद रुडोल्फ श्वार्त्स यांच्या मदतीने किल्ल्याच्या दालनाची मांडणी बदलली गेली. मुले स्टुलांवर वेदीभोवती तीन बाजूंनी बसत आणि धर्मगुरू त्यांच्याकडे तोंड करून मिस्सा अर्पण करत, कॅथलिक ख्रिस्तसभेत सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या तीनेक दशके आधी. म्हणजे उपासनेतला एवढा मोठा बदल आधी तरुणांच्या शिबिरात चाचपून पाहिला गेला. 1939 मध्ये नाझींनी किल्ला जप्त केला.

आजच्या शालेय रिट्रीटचा साचा मात्र स्पेनच्या मायोर्का बेटाचा. सान्तियागो या स्पेनमधल्या तीर्थक्षेत्राच्या 1948 च्या यात्रेची तयारी करताना तिथल्या कॅथलिक तरुणांनी छोटे अभ्यासवर्ग घेतले. त्यांत एदुआर्दो बोनिन हा गृहस्थ, म्हणजे धर्मगुरू नसलेला, कार्यकर्ता पुढे होता. त्यातून 'कुर्सियो' घडले आणि जानेवारी 1949 चा वर्ग त्याचा आरंभ मानला जातो. तीन दिवसांत बहुतेक भाषणे गृहस्थांची, स्वतःच्या आयुष्याबद्दलची. 'चौथा दिवस' म्हणजे घरी परतल्यानंतरचे उरलेले आयुष्य. बाहेरचे लोक सहभागींसाठी प्रार्थना करून पत्रे पाठवत. त्याला स्पॅनिशमध्ये 'पालांका', म्हणजे तरफ, म्हणत.

1965 मध्ये अमेरिकेत याच साच्यावर मिशिगनमध्ये 'टेक' आणि ब्रुकलिनमध्ये 'कैरॉस' ही तरुणांची रिट्रीट सुरू झाली. पुढे 'कैरॉस' येशूसंघाच्या आणि इतर कॅथलिक हायस्कुलांनी स्वीकारले. आता व्यासपीठावर वरच्या वर्गातली मुले होती. सतरा वर्षांचा मुलगा घरातल्या भांडणाबद्दल, मैत्रीबद्दल, शंकांबद्दल बोलतो आणि गट ऐकतो. आईवडिलांची पत्रे अचानक हातात पडतात. 'आत काय होते ते सांगायचे नाही' हा अलिखित नियमही सोबत आला. भीती गेली हे चांगलेच झाले. पण थकलेल्या मुलांनी सगळ्यांसमोर रडायचे, तेही ठरलेल्या संध्याकाळी, हाही काटा ओढण्याचाच प्रकार नाही का? आणि मौन, जे या सगळ्याचे मूळ होते, ते वीस-पंचवीस मिनिटांच्या तासिकेत मावू लागले.

ख्रिस्तसभेची भाषाही त्याच वर्षी बदलत होती. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ख्रिस्ती शिक्षणावरचा आणि इतर धर्मांशी नात्यावरचा असे दोन दस्तऐवज एकाच दिवशी जाहीर झाले. 7 डिसेंबरला धर्मस्वातंत्र्यावरचा आला: श्रद्धेच्या बाबतीत कुणावर बळजबरी नको. ज्या शाळांत बरीच मुले इतर धर्मांची होती, तिथे रिट्रीटचे पापनिवेदन ऐच्छिक झाले किंवा संपूर्ण रिट्रीटच मूल्यशिक्षणाकडे वळले. येशूसंघाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी 1973 मध्ये व्हॅलेन्सियाला माजी विद्यार्थ्यांपुढे 'इतरांसाठी जगणारी माणसे' घडवण्याची मागणी केली. तिथून सेवाशिबिरांना जोर मिळाला आणि कॅम्पच्या बॅगेत फावडे आले.

अलीकडचा मोठा बदल साधनेचा नाही, सुरक्षेचा आहे. मुलांवरील अत्याचारांची प्रकरणे उघड झाल्यावर अमेरिकन बिशपांनी 2002 मध्ये बालसंरक्षणाची सनद स्वीकारली आणि इतर देशांतही नियमावल्या आल्या. रात्रीच्या मुक्कामाला एकटा प्रौढ चालत नाही, लेखी संमती आणि आरोग्यपत्र लागते. पापनिवेदन बंद खोलीऐवजी सर्वांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी होते. 'आतले बाहेर सांगायचे नाही' हा नियम मागे पडून मुलांना आता पहिल्याच सत्रात सांगितले जाते की काही खटकले तर कुणाला आणि कसे सांगायचे.