औषध देण्याआधी तीन स्कॅन

कागदावर लिहिलेल्या ‘१.०’ मधला बिंदू पुसट उमटला तर तो आकडा ‘१०’ वाचला जातो आणि रुग्णाच्या पोटात दहापट औषध जातं. ‘.५’ चा ‘५’ होतो तोही असाच. डॉक्टर संगणकावर औषध लिहू लागले की या चुका जवळपास संपतात. शिवाय ॲलर्जी, वजन आणि किडनीचे रिपोर्ट तिथेच ताडून पाहता येतात. मात्र नोंद चुकीची असेल तर हिशेबही चुकतो. लहान मुलाचं वजन पाउंडात मोजून किलोच्या रकान्यात भरलं, तर डोस थेट २.२ पट होतो. म्हणून वजनकाट्यावर आणि स्क्रीनवर एकच एकक हवं: किलो.

खरी कसोटी रुग्णाच्या खाटेपाशी लागते, कारण त्यानंतर चूक पकडणारं कुणीच उरत नाही. नर्स आधी स्वतःच्या ओळखपत्रावरचा बारकोड स्कॅन करते, मग रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा, मग औषधाच्या पाकिटाचा. रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ यांपैकी एखादी गोष्टही डॉक्टरांनी संगणकावर लिहिलेल्या नोंदीशी जुळली नाही, तर स्क्रीनवर तिथल्या तिथे इशारा येतो. अशा स्कॅनिंगचा बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात वेळेच्या चुका सोडून औषध देतानाच्या बाकी चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या.

उरलेल्या चुकांचं काय? पट्टी भिजते, चुरगळते. बारकोड मनगटाभोवती आडवा गुंडाळला गेला की टोकाच्या रेषा स्कॅनरला दिसत नाहीत. तो हाताच्या लांबीच्या दिशेने छापावा, किंवा चौकोनी ठिपक्यांचा कोड वापरावा. अर्ध्या गोळीवर कोडच नसतो. मग घाईत जादा पट्ट्या छापून टेबलावर ठेवल्या जातात आणि तिथेच स्कॅन उरकला जातो. अशाने रुग्णाची ओळख पटवणं राहूनच जातं. याला नर्सचा आळस म्हणणं अन्यायाचं आहे. फार्मसीने अर्धी गोळीसुद्धा कोड लावलेल्या वेगळ्या पाकिटात पाठवली, तर ही पळवाट शोधायची गरजच पडत नाही.

इशाऱ्यांचा भडिमारही तितकाच घातक. क्षुल्लक इशारे सतत येत राहिले की डॉक्टर न वाचता पुढे जातात आणि जीवघेणा इशाराही त्यातच निसटतो. काम अडवणारे इशारे मोजकेच ठेवावेत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. तिथे ‘आठवड्यातून एकदा’ हाच पर्याय आधीपासून निवडलेला असावा. दर आठवड्याला स्कॅन न करता दिलेल्या औषधांची वॉर्डवार यादी काढली, की बिघाड पट्टीत आहे, स्कॅनरमध्ये की पाकिटात, हे लवकर कळतं.