कुऱ्हाडीच्या आकाराची गिटार सुरात कशी वाजते?

गणपतीत मंडळासमोर ऑर्केस्ट्रा उभा राहतो, गिटारवाल्याच्या गळ्यात कुऱ्हाडीच्या नाहीतर बंदुकीच्या आकाराची गिटार दिसते, आणि गर्दीतून आवाज येतो, "असलं ध्यान सुरात वाजतंय व्हय?"

वाजतं, अगदी व्यवस्थित वाजतं.

ही शंका कोल्हापूरकराला येणं साहजिक आहे, कारण शेजारच्या मिरजेचे तंबोरे पाहतच आपण मोठे झालो. तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तंबोऱ्यात ते काम तबली आणि भोपळा करतात, त्यामुळे घाट चुकला की नाद गेला. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाकडे हे कामच नाही.

तिथे तारांखाली पिकअप असतो: चुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार या चुंबकामुळे स्वतःही चुंबक बनते. ती थरथरली की वेढ्यांतलं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलेलं प्रवर्तन ते हेच. तार सेकंदाला 110 वेळा कंप पावली, तर विद्युतदाबही 110 हर्ट्‌झचा. नायलॉनची तार लावा, पिकअपला काहीच कळणार नाही.

खरी गंमत पिकअपच्या जागेत आहे. छेडलेली तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी कंप पावते: सबंध, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत. चार भागांत हलताना लांबीच्या एक चतुर्थांशावरचा बिंदू स्थिर राहतो. 648 मिलिमीटरच्या तारेवर तो ब्रिजपासून, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीपासून, 162 मिलिमीटरवर येतो. पिकअप नेमका तिथे असेल, तर मोकळ्या तारेचा चौथा स्वरांश (चार भागांतल्या कंपाचा स्वर), म्हणजे 110 च्या तारेतला 440 हर्ट्‌झ, त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. उलट दुसरा स्वरांश तिथेच सर्वांत जोरात हलतो, म्हणून आवाज गोल, भरदार. पिकअप ब्रिजजवळ सरकवला की मूळ स्वराचं हेलकावणं कमी पडतं, वरचे स्वरांश पुढे येतात आणि आवाज धारदार होतो. बोट फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या कांडीवर, गेलं की तारेची लांबी बदलते, स्थिर बिंदूही सरकतात आणि हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

म्हणूनच 'दुर्मिळ लाकडाचा जादुई टोन' म्हणून हजारो रुपये जादा मागणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. लाकडाचा परिणाम शून्य नसेल, पण पिकअप हलवल्याने पडणाऱ्या फरकापुढे तो किरकोळ आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी 1941 च्या सुमारास चार इंची चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवून हे दाखवून दिलं. श्रोत्यांना ते रूप रुचेना, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना नेहमीच्या गिटारचे अर्धे भाग जोडले. ते फक्त डोळ्यांसाठी होते. अमेरिकन गायक-गिटारवादक बो डिडली तर आयताकृती खोक्यासारखी गिटार घेऊन गाजले.

धातूचा मात्र विचार करावा लागतो. 1932 मध्ये बाजारात आलेली रिकेनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन' गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. उद्यमनगरातल्या ओतकामवाल्याला सांगायला नको, ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रंगमंचावरच्या दिव्यांखाली अंग आणि तारा सारख्या प्रमाणात वाढत नसत, आणि सूर ढळे.

आकाराचा खरा त्रास वाजवणाऱ्याला होतो. गिब्सन कंपनीची 1958 ची व्ही अक्षराच्या आकाराची 'फ्लाइंग व्ही' मांडीवर धड टेकत नाही. अंग फार हलकं झालं तर नेक, म्हणजे दांडी, जमिनीकडे झुकते आणि डावा हात सूर धरायचा सोडून वजन पेलत बसतो. इथे कुणाला सुताराकडून असला नमुना करून घ्यायचाच असेल, तर पट्ट्याची वरची खुंटी बाराव्या फ्रेटच्या आसपास येईल असा शिंगासारखा भाग ठेवायला सांगावं. बाकी कडा हव्या तशा कापा.