बदलत्या वेगाच्या रेडिओ दुव्यावरील प्रवाह नियंत्रण

रेडिओ दुव्याचा डेटा दर अंतर, आडोसे, पाऊस आणि इतर प्रक्षेपणांचा अडथळा यांनुसार क्षणोक्षणी बदलतो. त्या दराला जुळेल एवढाच डेटा राउटरने पुढे सोडावा यासाठीच्या तंत्रांना प्रवाह नियंत्रण म्हणतात.

सिग्नल स्वच्छ असताना रेडिओ २५६-क्यूएएम मॉड्युलेशनने (सिग्नलवर बिट चढवण्याच्या पद्धतीने) एका चिन्हात, म्हणजे सिग्नलच्या एका ठोक्यात, ८ बिट पाठवतो. सिग्नल खालावला की तो क्यूपीएसके या साध्या पद्धतीवर उतरतो आणि चिन्हामागे २ बिटच उरतात. शिवाय त्रुटिसुधारणेचे जादा बिट वाढत असल्याने प्रत्यक्ष दर चौपटीहूनही अधिक घसरू शकतो. राउटर आणि मोडेम (डेटाचे रेडिओ सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) यांना जोडणारी ईथरनेट केबल मात्र १०० मेगाबिट किंवा १ गिगाबिटनेच चालू असते. पुढे वाट अरुंद झाल्याचे राउटरला कळत नाही आणि रांग मोडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साचते. १० लाख बाइटचा भरलेला बफर सेकंदाला १० मेगाबिट दराने ०.८ सेकंदात रिकामा होतो. तोच दर १ मेगाबिटवर आला की ८ सेकंद लागतात. त्या रांगेत अडकलेले संभाषणाचे पॅकेट पोहोचूनही निरुपयोगी ठरते. बफर वाढवणे हा उपाय नव्हेच: पॅकेटगळती कमी दिसते, पण विलंब वाढतो, पोचपावती वेळेत न आल्याने टीसीपी (डेटा पोहोचल्याची खात्री करणारा प्रोटोकॉल) तीच माहिती पुन्हा पाठवते आणि अरुंद दुव्यावर दुहेरी ओझे पडते.

म्हणून रांग राउटरमध्येच राहिली पाहिजे, कारण प्राधान्यक्रम तिथेच लावता येतो. ईथरनेटची ‘पॉज’ फ्रेम सर्वांत सोपी, पण ती अख्खे पोर्ट थांबवते. एक संथ शेजारी (दुव्याच्या पलीकडचे उपकरण) बाकी सगळ्यांना अडवतो. आरएफसी ५५७८ (२०१०) या इंटरनेट तंत्रांच्या दस्तऐवजात पीपीपीओईच्या (ईथरनेटवरून जोडणीची सत्रे चालवणाऱ्या पद्धतीच्या) प्रत्येक सत्रासाठी क्रेडिटची सोय आहे: मोडेम जेवढे क्रेडिट देईल तेवढाच डेटा राउटर पाठवतो. आरएफसी ८१७५ (२०१७) मधील डीएलईपी या प्रोटोकॉलमध्ये मोडेम टीसीपी पोर्ट ८५४ वरून प्रत्येक शेजाऱ्याचा कमाल दर, चालू दर आणि मायक्रोसेकंदांत विलंब कळवतो. मूळ डीएलईपी केवळ माहिती पुरवते. रांगनिहाय थांबवण्याची सोय आरएफसी ८६५१ (२०१९) या विस्ताराने आणली.

कळवलेला दर जसाच्या तसा वापरू नये. प्रत्येक शेजाऱ्यासाठी वेगळा शेपर (दर मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) ठेवून त्याची मर्यादा चालू दराच्या सुमारे ९० टक्क्यांवर लावावी. रेडिओची शीर्षके, पुनर्प्रेषण आणि सूचना पोहोचण्यातला उशीर उरलेल्या भागात सामावतो. दर घसरला तर मर्यादा लगेच उतरवावी, वाढला तर काही सेकंद स्थिर राहिल्यावरच चढवावी. हाच चढउतार मार्ग निवडणाऱ्या प्रोटोकॉलपर्यंत थेट पोहोचू दिला, तर मार्ग सतत उलटसुलट होतात. रांगेसाठी कोडेल (रांगेतला विलंब आटोक्यात ठेवणारी पद्धत) वापरत असल्यास त्याचे ५ मिलिसेकंद विलंबाचे नेहमीचे लक्ष्य संथ दुव्याला चालत नाही: १ मेगाबिटवर १५०० बाइटचे एकच पॅकेट १२ मिलिसेकंद घेते, तेव्हा लक्ष्य त्याहून वर ठेवावे लागते.

दोष शोधताना आधी राउटरची रांग पाहावी. विलंब वाढलेला आणि राउटरची रांग रिकामी असेल, तर साठा मोडेममध्ये आहे: मर्यादा जास्त लावली गेली आहे किंवा दराच्या सूचना शिळ्या आहेत. राउटरची रांग भरलेली असूनही रेडिओ मोकळा बसला असेल, तर क्रेडिट हरवले आहे किंवा दर सुधारल्याची सूचना पोहोचलेली नाही.